चिंगीला फॅट किती लागला?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. 'काय गं, लिहिणं सोडलंस का?' असं दोघा-तिघांनी विचारलं, आणि नाशिकच्या मावशीने तर 'बाकी काही लिहू नकोस, पण चिंगी कशी आहे ते तरी लिही' असा निरोपच पाठवला. तर आधी तेच सांगते. चिंगी बरी आहे. आता पुढचं निवांत वाचा. :-)

ज्यांना चिंगी माहीत नाही त्यांच्यासाठी: अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावच्या घरात सहा वर्षांपासून असलेली ही पांढरी, झुबकेदार शेपटीची, टोकदार तोंडाची बाई. आपल्याकडे अशा कुत्र्याला सगळे सरसकट पॉमेरियन म्हणतात. खरं तर तो इंडियन स्पिट्झ. वजन सहा किलो असायला हवं. गेल्या हिवाळ्यात होतं आठ. आम्ही सगळे म्हणायचो, 'केस किती दाट आहेत बघा तिचे!'

आता फॅटबद्दल. शहरातल्या माझ्या मैत्रिणी 'फॅट' म्हटलं की तोंड वाकडं करतात. आमच्या घरी तो फार चांगला शब्द आहे. बाबांच्या दोन म्हशी आहेत, आणि सकाळी डेअरीवर दूध घालून आले की आईचा पहिला प्रश्न असतो, 'आज फॅट किती लागला?' सहा पाच लागला तर चहा हसतखेळत होतो. सहाच्या खाली आला तर सरकी बदलायची का, वैरण कमी पडते का, अशी चौकशी समिती बसते. दुधाचा भाव फॅटवर आणि एसएनएफवर ठरतो, म्हणून आमच्याकडे लहान पोरालाही एक दशांश फॅटची किंमत कळते. गंमत अशी की ज्या घरात फॅट मशीनवर दशांशापर्यंत मोजला जातो, त्याच घरात कुत्रीच्या ताटलीतला फॅट मात्र आजीच्या हाताने पडत होता. आणि आजीचा हात सढळ आहे.

तर झालं असं. मी सुट्टीला घरी गेले होते. गावात एकांकडे कंदुरी होती. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते, कंदुरी म्हणजे नवसाच्या बोकडाचं जेवण. अख्ख्या गावाला आमंत्रण असतं आणि जेवून येताना डबाही मिळतो. डब्यातलं मटण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ताटांत गेलं. खाली राहिली चरबीची चार बोटकं आणि वर तरंगणारी लाल तर्री. आजीने त्यात एक भाकर कुस्करली आणि चिंगीपुढे ठेवली. चिंगीने ताटली चाटून लख्ख केली. आजी खूश, चिंगी खूश. मी फोटो काढला. तो फोटो अजून फोनमध्ये आहे, पुसवत नाही.

त्या रात्री चिंगीने तीनदा ओकलं. सकाळी ती पुढचे पाय जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर करून अंगणात उभी होती. आजी म्हणाली, 'बघ, नमस्कार घालतीय सूर्याला.' आम्ही हसलो. थोड्या वेळाने ती परत तशीच उभी राहिली, मग परत. तेव्हा मला शंका आली. पोटात असह्य दुखत असलं की कुत्री असा पवित्रा घेतात, हे मला नंतर कळलं.

आमच्या तालुक्याला आहे तो गुरांचा दवाखाना. नावाप्रमाणेच तिथे म्हशी, बैल आणि शेळ्या असतात. दोन बैलांच्या मध्ये टॉवेलात गुंडाळलेली चिंगी घेऊन आई बसली होती. डॉक्टरांनी पोटाला नुसता हात लावला तशी ती किंचाळली. ते म्हणाले, स्वादुपिंडाला सूज असावी, रक्त तपासायला आणि सोनोग्राफीला लातूरला घेऊन जा, उशीर करू नका. लातूरच्या डॉक्टरांनी तेच निदान केलं: पॅनक्रियाटायटिस. पुढे चार दिवस सलाईन, उलटीची आणि दुखण्याची इंजेक्शनं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, 'आज काही सांगता येणार नाही.' बाबा बाहेर जाऊन उभे राहिले. म्हैस दगावली तेव्हाही ते असेच उभे होते.

चौथ्या दिवशी तिने शेपटी हलवली. मग डॉक्टरांना बोलायला सवड मिळाली. ते म्हणाले, 'या दुखण्याचं नक्की कारण दर वेळी सापडतंच असं नाही. पण कुत्रं लठ्ठ असेल आणि एकदम तेलकट-चरबीचं खाणं पोटात गेलं तर धोका वाढतो. शिवाय रश्श्यात कांदा-लसूण असतो, तोही कुत्र्याला विषच. रोज काय खाते ही?'

आई म्हणाली, 'फार काही नाही हो डॉक्टर. खातच नाही ती.'

'खातच नाही' या दोन शब्दांत काय काय होतं ते मी त्या रात्री लातूरच्या लॉजवर वहीत लिहून काढलं. झोप येत नव्हती, काहीतरी करायला हवं होतं. दिवसाला एक लहान भाकर, म्हणजे साधारण ६० ग्रॅम ज्वारीचं पीठ. म्हशीचं दूध पाऊण कप, धरा दीडशे मिली. बाबांच्या चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं, साधारण २० ग्रॅम. आणि भाकरीवर एक लहान चमचा तूप, ५ ग्रॅम. त्याशिवाय येताजाता ज्याच्या हाताला जे लागेल ते, पण ते कोण मोजतो?

भाकरीतून सुमारे २०० कॅलरी मिळतात, दुधातून दीडशेच्या थोड्या वर, बिस्किटांतून ९० आणि तुपातून ४५. सगळे मिळून ४९०. आता प्रथिनं बघा. भाकरीत ६ ग्रॅम, दुधात जवळपास तेवढीच, बिस्किटांत जेमतेम दीड. म्हणजे साडेतेरा. फॅट: दुधात १०, तुपात ५, बिस्किटांत अडीच, भाकरीत एक. म्हणजे साडेअठरा. या सगळ्यातलं पाणी वजा केलं तर कोरडं अन्न भरतं शंभर-एकशेपाच ग्रॅम. थोडक्यात, प्रथिनं तेरा टक्के आणि फॅट अठरा टक्के.

अमेरिकेत आफ्को नावाची एक संघटना आहे, पशुखाद्याच्या कायद्यांची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांची. तिने ठरवलेली कुत्र्यांच्या अन्नाची किमान प्रमाणं जगभर वापरली जातात. मोठ्या वयाच्या कुत्र्यासाठी कोरड्या अन्नात प्रथिनं किमान १८ टक्के आणि फॅट किमान साडेपाच टक्के. पिल्लांसाठी आणि गाभण कुत्रीसाठी प्रथिनं साडेबावीस आणि फॅट साडेआठ. चिंगीच्या ताटलीत जिथे अठरा हवं होतं तिथे तेरा होतं, आणि अठरा होतं ते भलत्याच रकान्यात. आकडे अगदी उलटे. बाजारातल्या काही चांगल्या पाकिटांतही फॅट अठरा टक्के असतो, त्यामुळे नुसता तेवढा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. पण त्या पाकिटांत प्रथिनंही पंचवीस-तीस टक्के असतात, आणि पाकिटावर कुणी तर्री ओतत नाही.

आता एवढंसं कुत्रं आणि एवढा हिशेब कशाला, असं वाटेल. पण हिशेब एवढंसं असल्यामुळेच लागतो. कुत्र्याला नुसतं पडून राहायला किती कॅलरी लागतात याचं एक सूत्र आहे: किलोमधल्या वजनाचा पाऊण घात घ्यायचा आणि त्याला ७० ने गुणायचं. सहा किलोच्या कुत्र्याला येतात २६८. छत्तीस किलोच्या दांडग्या कुत्र्याला १०२९. म्हणजे वजन सहापट, पण गरज चौपटही नाही. उलट बाजूने पाहिलं तर लहान कुत्र्याला दर किलोमागे मोठ्याच्या दीडपट ऊर्जा लागते. त्याचं पोट लहान, म्हणून त्याच्यासाठीचं अन्न थोडं घट्ट लागतं, त्यात प्रथिनं आणि फॅट जरा जास्त असावे लागतात. 'छोट्या जातींसाठी' असं लिहिलेली पाकिटं वेगळी असतात त्यामागे हे एक खरं कारण आहे.

पण याच गणिताची दुसरी बाजू आहे, आणि तिथे आम्ही चुकलो. हिंडणंफिरणं धरून चिंगीला दिवसाला लागतात साधारण ४०० कॅलरी. तुपाचा एक मोठा चमचा म्हणजे सव्वाशे. तिच्या दिवसभराच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा! दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या ताटात हेच प्रमाण ठेवायचं तर पाच मोठे चमचे तूप एका भाकरीवर वाढावं लागेल. आपण आपल्या हाताने वाढतो आणि हात आपल्या मापाचा असतो. 'एवढंसं तर दिलं' हे वाक्य म्हशीसमोर खरं असतं, चिंगीसमोर नसतं. सहा किलोची आठ किलो झाली म्हणजे साठ किलोचा माणूस ऐंशीचा झाला. तो झाला असता तर आम्ही म्हणालो नसतो, 'केस किती दाट आहेत!'

आमच्याकडे एक म्हणणं आहे, कुत्र्याला तूप पचत नाही. आणि आमच्याकडेच नामदेव महाराजांची गोष्ट आहे. कुत्रं भाकरी घेऊन पळालं तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. नरसी आमच्यापासून काही फार लांब नाही, मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात. लहानपणापासून मी ही गोष्ट आजीकडून ऐकत आले. गुरांच्या दवाखान्यात ती तीच सांगत होती, 'मुकं जनावर हाय, कोरडं कसं गिळंल ते?' डॉक्टर समजूतदार होते, हसले नाहीत. मला वाटतं गोष्ट खरीच आहे आणि ती तुपाबद्दल नाहीये. ती समोरच्या जिवाला काय कमी पडतंय ते बघण्याबद्दल आहे. त्या काळातल्या उपाशी, हाडं दिसणाऱ्या भटक्या कुत्र्याला कमी पडत होतं ते तूप. आमच्या घरातल्या, उशीवर झोपणाऱ्या चिंगीला तूप कमी नव्हतं. तिला काय कमी पडतंय ते आम्ही पाहिलंच नाही.

तिला कमी पडत होती प्रथिनं. आणि ती का कमी पडत होती, यावर मी बरेच दिवस विचार करते आहे. हे पोस्ट खरं तर त्याचसाठी आहे.

भाकरीला दोष देऊन चालणार नाही. इंटरनेटवर हल्ली 'कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्य देऊच नका' असं सांगणारे पुष्कळ आहेत. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये याचं चांगलं उत्तर दिलं. पिष्ट पचवायला जे जनुक लागतं त्याच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेतीबरोबर आणि चुलीबरोबर राहून कुत्रं धान्य पचवायला शिकलं. आमच्या गावची कितीतरी कुत्री भाकरीवरच जगली. पण ती दिवसभर शेतात असायची, बैलगाडीखालून चालत जायची, उंदीर-घुशी मारायची, कुठे हाडूक मिळवायची. भाकर मालकाची, बाकी आपलं आपण. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांबरोबर जी कुत्री जातात तीही अशीच. चिंगी उंदीर दिसला की खाटेवर चढते. तिला जे मिळतं ते ताटलीतूनच. आणि ताटलीत येतं ते आपलं उरलेलं.

उरलेल्यात प्रथिनं नसतात. हे एक वाक्य मला या सगळ्या प्रकरणातून मिळालं. प्रत्येक घरात जे महाग असतं ते आधी संपतं. मटणाचे तुकडे उरत नाहीत, रस्सा उरतो. अंडी उरत नाहीत. डाळीचं घट्ट वरण उरत नाही, वरचं पाणी उरतं. भाकर उरते, भात उरतो, तेल उरतं, बिस्किटाच्या पुड्यात शेवटची दोन उरतात. कुत्र्याला आपण जीव लावतो, पण जेवायला घालतो ते उरलेलं. पिष्ट आणि फॅट. म्हणून आमच्याकडची लाडकी कुत्री बघा, जाड असतात आणि तरी अशक्त असतात. केस गळतात, मांड्या बारीक असतात आणि पाठ मात्र पाटासारखी.

हे मी आजीला समजावून सांगत होते. जरा जोरातच सांगत होते, चूक तिची आहे असं मनात धरून. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'माय, मग आमी काय खाल्लं?'

मला आधी कळलं नाही. मग तिने सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा घरात चौदा माणसं होती. मटण झालं की आधी गडी, मग लेकरं, मग सासू, मग ती आणि तिची जाऊ. त्यांच्या वेळेपर्यंत पातेल्यात राहायची तर्री आणि तळाची चरबी. त्यात भाकर कुस्करून खायच्या. 'लई गोड लागायचं,' ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे, खरंच गोड आठवणीच्या सुरात. मी गप्प बसले. म्हणजे आजीने चिंगीला जे वाढलं ते काही टाकाऊ म्हणून वाढलं नव्हतं. तिने तिला आपलं स्वतःचं ताट वाढलं होतं. तिच्या लेखी तेच चांगलंचुंगलं होतं.

त्यानंतर मी आजीवर आवाज चढवला नाही. हिशेब मात्र सोडला नाही, कारण प्रेम खरं असलं म्हणून स्वादुपिंड ऐकत नाही.

आता पाकिटाबद्दल. डॉक्टरांनी कमी फॅटचं खाणं सुरू करायला सांगितलं तेव्हा मी आणि बाबा लातूरच्या दुकानात गेलो. एका कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर लिहिलं होतं प्रथिनं किमान २० टक्के, फॅट किमान १०, ओलावा कमाल १२. शेजारी ओल्या खाण्याचं पाऊच होतं, त्यावर प्रथिनं ८ टक्के, फॅट ३, ओलावा ८० च्या घरात. बाबा म्हणाले, 'वीसवालं सोडून आठवालं कोण घेईल? लुटतात शहरात.'

मी म्हटलं, 'बाबा, दुधात पाणी घातलं तर फॅट कमी लागतो ना?'

'लागणारच.'

'पण तूप काढलं तर?'

'तेवढंच निघंल. पाण्याचं काय तूप होतंय?' आणि बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं. 'म्हणजे पाणी काढून मोजायचं. एसएनएफसारखं.'

अगदी बरोबर. पाऊचमध्ये शंभरात ऐंशी पाणी, उरलेल्या वीस ग्रॅममध्ये आठ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे चाळीस टक्के. फॅट पंधरा टक्के. कोरड्या दाण्यांत शंभरात बारा पाणी, अठ्ठ्याऐंशीत वीस, म्हणजे तेवीसच्या जरा खाली. फॅट अकराच्या थोडा वर. जे 'आठवालं' होतं ते प्रथिनांत जवळजवळ दुप्पट निघालं, आणि फॅटमध्येही जास्त. चिंगीसाठी दोन्ही नकोत असं ठरलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं कमी फॅटचं घेतलं. पण पाणी वजा केल्याशिवाय दोन पाकिटांची तुलना करू नये, हे मला पशुखाद्याच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा डेअरीवरच्या माणसाला लवकर समजावता आलं.

आणखी दोन गोष्टी तिथेच पक्क्या झाल्या. 'किमान' या शब्दाकडे लक्ष द्या. फॅट किमान दहा म्हणजे दहाच, असं नाही. तो बारा किंवा तेराही असू शकतो. ज्याला फॅट सोसत नाही त्याच्यासाठी 'किमान'चा आकडा पुरत नाही, कमाल किती ते विचारावं लागतं. आणि प्रथिनांचा आकडा म्हणजे थेट मोजलेली प्रथिनं नव्हेत. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजतात आणि त्याला सव्वासहाने गुणतात. केस, चामडं, पिसं यांतही नायट्रोजन असतो, पण कुत्र्याला तो तसाच्या तसा पचत नाही. २००७ साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या कितीतरी ब्रँडचं खाणं परत मागवावं लागलं होतं. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलं होतं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणून तपासणीत प्रथिनं जास्त दिसली आणि मुकी जनावरं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीतही तेच सापडलं. बाबांना हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, 'दुधात युरिया घालणारे हेच करतात.' म्हणून आकड्याबरोबर घटकांची यादीही वाचायची, वरून पहिली तीन-चार नावं तरी.

त्या यादीत आणखी एक ओळखीचं नाव दिसलं: सोयाबीनची पेंड. आमच्या जिल्ह्यातल्या शिवारांत सोयाबीन उभं असतं. तेल काढून राहिलेली पेंड प्रथिनांनी गच्च असते, आणि ती कोंबड्यांच्या आणि कुत्र्यांच्या खाद्यात जाते. आम्ही पिकवलेलं प्रथिन पाकिटात बसून आमच्याकडेच परत येतं!

गावात आणखी दोन समज ऐकले. मटण-अंडी खाऊन कुत्रं चावरं होतं, आणि प्रथिनांनी मूत्रपिंड खराब होतं. पहिल्याला काही आधार नाही. बांधून ठेवलेलं, मारलेलं, कुणाची सवय न झालेलं कुत्रं चावरं होतं. दुसऱ्यात अर्धं सत्य आहे. मूत्रपिंड आधीच बिघडलेलं असेल तर डॉक्टर प्रथिनं मोजून द्यायला सांगतात. निरोगी कुत्र्याचं मूत्रपिंड प्रथिनांनी बिघडत नाही.

पुण्याला परत आल्यावर एका नातेवाईक काकूंनी फोनवर जरा झणझणीतच सुनावलं. 'लोकांच्या लेकरांना अंडं मिळेना आणि तुम्ही कुत्रीला चिकन शिजवता!' त्या हे वाचतील, म्हणून उत्तर इथेच देते. काकू, तुमचं म्हणणं मला लागलं, कारण ते खोटं नाही. पण चिंगीचं अंडं बंद केल्याने ते कुठल्या लेकराच्या ताटात जाणार नाही. उलट चिंगीच्या निमित्ताने आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की प्रथिनं कुणाच्या वाट्याला येतात. माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत आहे. आजीचं वजन पंचेचाळीस किलो, म्हणजे सदतीस ग्रॅम. कुत्रीसाठी काढलेल्या वहीत मी आजीचाही हिशेब मांडला. तो इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की चिंगीपेक्षा फार बरा नव्हता.

सध्या चिंगीला अर्धी भाकर मिळते, साठ ग्रॅम बिनकातड्याचं उकडलेलं चिकन, डॉक्टरांनी दिलेले चाळीस ग्रॅम दाणे आणि लोणी काढलेलं थोडं ताक. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नाही. प्रथिनं तीस टक्क्यांच्या पुढे, फॅट आठच्या आसपास, कॅलरी ४०० च्या आत. महिन्याला चिकन लागतं अडीच किलोच्या आत, म्हणजे फार मोठा खर्च नाही. बिस्किटं आणि चहा वाचले ते वेगळंच. ज्यांच्याकडे मांसाहार नाही त्यांना अंडं, घरचं पनीर, डाळ, सोया असे मार्ग आहेत. पण सगळंच घरचं द्यायचं ठरवलंत तर नुसत्या प्रथिनांनी भागत नाही, कॅल्शियम कमी पडतं, तेव्हा डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि एकदा स्वादुपिंड दुखलेल्या कुत्र्याचे आकडे निरोगी कुत्र्याला जसेच्या तसे लावू नका. आमच्याकडे आता स्वयंपाकघरात बाबांचा जुना तराजू आहे. वजन साडेसहावर आलंय.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा आई रोज एक अंडं उकडत होती. चिकन नसेल त्या दिवशी पांढरं चिंगीला, कारण पांढऱ्यात प्रथिनं असतात आणि फॅट जवळपास नाहीच. मी विचारलं, 'आणि आजीला?'

आजी चुलीजवळून म्हणाली, 'मला कशाला वेगळं? चिंगीचं उरलेलं पिवळं खाते की मी.'

आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आईने काही न बोलता पातेल्यात दुसरं अंडं सोडलं.

असो. तुमच्या घरच्या चिंग्या-मोत्यांच्या ताटलीत काय असतं ते जरूर कळवा. आणि मावशी, आता तरी फोन कर. :-)